नारिंगी टिकलीच्या बॅटऱ्या

क्यूबातल्या त्या रिसॉर्टचा विषय निघाला की मी अजूनही उठून स्वयंपाकघरात जाते. गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून सांगते. आमच्याकडे गॅस नाही, विजेचा स्टोव्ह आहे, पण आजवर कुणी हटकलेलं नाही. नवऱ्याला वाटतं, मला तिथलं जेवण आवडलं नव्हतं, म्हणून मी नाक मुरडते. जेवणाला काय झालं होतं? जेवण उत्तम होतं. मीच वाईट वागले, आणि ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही तेव्हा कॅनडात ओटावाला, कनाटा नावाच्या उपनगरात राहायचो. नवरा टेलिकॉमच्या कंपनीत, मी एका सरकारी ऑफिसात कंत्राटावर सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे, मुलगी तिसरीत. त्या वर्षी हिवाळ्यानं नुसता छळ मांडला होता. ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना बर्फाचे ढीग माझ्या डोक्याच्या वर गेले होते आणि नवा बर्फ शोव्हल करून टाकायचा तरी कुठे, हा रोज सकाळचा प्रश्न होता. फेब्रुवारीत एकदा गाडीची काच खरवडता खरवडता नवरा म्हणाला, "बास झालं. कुठेतरी उन्हात जाऊ या." मी म्हटलं, "चल." लग्नानंतर इतक्या पटकन आमचं कशावरही एकमत झाल्याचं मला आठवत नाही.

इथले लोक हिवाळ्यात आठवडाभर दक्षिणेला जातात, त्यात काही विशेष नाही. ऑफिसात सोमवारी कुणीतरी लालबुंद नाक घेऊन परत येतंच. आमचं तसं नव्हतं. आमची सगळी रजा पुण्याला जायची. सासर, माहेर, दोन लग्नं, एक मुंज, दातांचा डॉक्टर. जिथे आपलं कुणीही नाही अशा गावाला नुसतं लोळायला जायचं, हे आम्ही पहिल्यांदाच करत होतो. मला आतून जरा चोरट्यासारखं वाटत होतं. आईला फोनवर मी "तीन-चार दिवस बाहेर जातोय" एवढंच सांगितलं. समुद्राचं नावच काढलं नाही.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ऑफिसात सांगितलं होतं की तिथल्या खोली आवरणाऱ्या बायकांसाठी साबण, शाम्पू, मुलांचे कपडे, पेन्सिली असं काहीतरी घेऊन जा. दुकानांत तिथे फारसं काही मिळत नाही. मी लगेच कामाला लागले. पुण्याला आई कामवाल्या बाईंसाठी जशी पिशवी भरायची, तशी पिशवी भरली. मुलीचे आखूड झालेले फ्रॉक, एका बाहीला बटण नसलेला स्वेटर, हॉटेलांतून गोळा केलेल्या शाम्पूच्या चिमुकल्या बाटल्या. स्वेटर! क्यूबाला! पण तेव्हा माझ्या डोक्यात ते शिरलंच नाही. मी आपली दानधर्माच्या आनंदात.

रिसॉर्ट म्हणाल तर स्वर्गच. बसमधून उतरताच हातात फळांचा रस, मनगटाला प्लॅस्टिकची पट्टी. ती पट्टी असली की काय हवं ते खा, काय हवं ते प्या, कुणी विचारत नाही. खोलीच्या गॅलरीतून नारळाची झाडं आणि पलीकडे समुद्र. त्याचा निळा रंग मी फक्त कॅलेंडरवर पाहिला होता आणि तिथेही मला तो खोटाच वाटला होता. नवरा चप्पल काढून वाळूत उभा राहिला. पहिल्या जेवणाला मी काळ्या घेवड्याची उसळ आणि भात घेतला, वर ओटावाहून नेलेलं लिंबाचं लोणचं. मुलीनं सलग तीन आइस्क्रीम खाल्ली. मी तिला अडवलं नाही, कारण माझं स्वतःचं दुसरं चाललं होतं.

सकाळी मात्र माझा पुणेरी स्वभाव उठून बसायचा. खोली आवरणारी बाई यायच्या आत मी खोली आवरायला लागायचे. ओले टॉवेल दांडीवर, चादरी सरळ, बेसिन पुसून लख्ख. नवरा म्हणायचा, "अगं, मग ती येऊन काय करेल? तुझी परीक्षा घेईल?" मी म्हणायचे, "परक्या बाईनं आपला पसारा बघायचा म्हणजे काय!" दुसऱ्या दिवशी आम्ही पोहून परत आलो तर पलंगावर टॉवेलचा हत्ती बसलेला. सोंड वर, डोळ्यांच्या जागी दोन लाल फुलं. मुलगी किंचाळलीच. तिसऱ्या दिवशी ती समुद्रावर यायलाच तयार नाही. म्हणे मला हत्ती कसा करतात ते बघायचंय.

अशी त्या बाईची आणि आमची ओळख झाली. माझ्याच वयाची असेल, पस्तिशीची. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, केसांचा घट्ट अंबाडा. इंग्रजी तिला बेताचं यायचं, पण माझ्या मुलीकडे वेळ भरपूर होता आणि त्या बाईकडे हातवारे. दोघींनी मिळून हत्ती केला, मग बगळा केला, मग माकड करून ते पडद्याच्या दांडीला टांगलं. मी गॅलरीत बसून बघत होते. माझी मुलगी घरी माझ्याशी एका शब्दात बोलते, "फाइन", "ओके", "व्हॉटेव्हर". तिथे ती अखंड बडबडत होती.

मी ती पिशवी काढून दिली. बाईनं एकेक कपडा बाहेर काढला, अंगासमोर धरून पाहिला, नीट घडी घालून पलंगावर ठेवला. स्वेटरशी आल्यावर जराशी थांबली, हसली आणि त्याचीही घडी घातली. मग माझ्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाली की माझीही मुलगी एवढीच आहे, हे तिला बरोबर होतील. तेव्हा मला त्या नसलेल्या बटणाची पहिल्यांदा लाज वाटली. आपल्या मुलीच्या वयाच्या मुलीला आपण काय दिलं, हे असं घडी होऊन समोर आलं.

चौथ्या दिवशी तिनं मुलीचा फोटो आणला. शाळेच्या गणवेशातली, दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला. माझ्या मुलीनं लगेच विचारलं, कानामागे हे काय आहे? ऐकू यायचं यंत्र होतं. बाईनं खूप वेळ घेऊन, माझ्या मुलीला मध्ये घालून, मला सगळं सांगितलं. यंत्र चांगलं आहे, पण त्याच्या बॅटऱ्या इथे कधी मिळतात, कधी महिनोन्महिने मिळत नाहीत. नाताळापासून नाहीच आहेत. पोरगी पहिल्या बाकावर बसते, तरी तिला कळत नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, असंच राहिलं तर हिला इथे ठेवून उपयोग नाही. लांबच्या शहरात अशा मुलांची शाळा आहे, तिथे ठेवावं लागेल. तिथेच राहायचं, महिन्यातून एकदा घरी. एवढं सांगून तिनं फोटो छातीशी धरला. मग एप्रनच्या खिशातून एक कागद काढला. त्यावर बॅटरीच्या पाठीवरचा नारिंगी चिकट कागद लावलेला होता, टिकलीएवढा. या रंगाच्या हव्यात, दुसऱ्या रंगाच्या बसत नाहीत.

टिकल्यांची पाकिटं लटकतात तशा या बॅटऱ्या आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात लटकतात. मी म्हटलं, "हात्तिच्या! एवढंच ना? पाठवते की!" हे अर्थात मराठीत नाही म्हटलं, पण आव तोच होता. आमच्या मराठी मंडळातली एक मैत्रीण मार्च ब्रेकला, म्हणजे शाळांच्या मार्चमधल्या सुट्टीत, याच रिसॉर्टला येणार होती. मीच तिला नेटवरची डील पाठवली होती. मी बाईला म्हटलं, माझी मैत्रीण येते आहे, तिच्याबरोबर पाठवते. एक नाही, चांगली वर्षभर पुरतील एवढी पाकिटं पाठवते. माझ्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. बाईनं माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "कोणत्या दिवशी?"

मी गोंधळलेच. आपल्याकडे "पाठवते हं" म्हटलं की कुणी तारीख विचारत नाही. "या हं घरी" म्हटल्यावर कुणी डायरी काढत नाही, तसंच. मी बोटांवर हिशोब करून शनिवार सांगितला. तिनं तो त्या कागदाच्या मागे लिहिला, मला दाखवला आणि कागद मला देऊ लागली. मग तिच्या लक्षात आलं की नारिंगी टिकली मला हवी आणि शनिवार तिला हवा. तिनं कागद मधोमध फाडला आणि टिकलीचा भाग मला दिला. मी त्या वेळी मनापासून बोलत होते हो. हे मला सांगायलाच हवं. मी तिला फसवत नव्हते.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी बॅटऱ्या आणल्या. मुलीनं कार्ड केलं, त्यावर टॉवेलचा हत्ती काढला, आतमध्ये स्पॅनिश आकडे एक ते दहा लिहिले आणि खाली स्वतःचं नाव. मी सगळं झिपलॉकच्या पिशवीत घातलं. मुठीत मावेल एवढी पिशवी. आता फक्त मैत्रिणीला फोन करायचा होता.

आणि इथेच माझं घोडं अडलं.

परदेशातल्या मराठी माणसांना हे वेगळं सांगायला नको. कुणी पुण्याला निघालं की फोन सुरू होतात. "फक्त एक छोटंसं पाकीट आहे गं." व्हिटॅमिनच्या गोळ्या, मेपल सिरप, दिराचा जुना फोन. येताना गोडा मसाला, चकल्या, दिवाळी अंक. आम्ही वर्षानुवर्षं इतरांचं सामान वाहिलं. एका फेरीत मात्र माझा संयम संपला. विमानतळावर कुणाच्या तरी मावशीनं आणून दिलेला चकलीचा डबा काउंटरवर फुटला आणि मी सगळ्यांसमोर जमिनीवरून चकल्या वेचल्या. तेव्हा मी ठरवलं, बास. आदल्या वर्षी मंडळाच्या संक्रांतीला हातात तिळगूळ घेऊन मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आम्ही यापुढे कुणाचं काही नेणार नाही, आणणारही नाही. आणि कुणाला काही देणारही नाही. कुरिअर कंपन्या कशाला आहेत?" लोक हसले. मला माझ्या स्पष्टवक्तेपणाचा फार अभिमान वाटला.

त्याच महिन्यात आम्ही पुण्याला गेलो होतो, आणि याच मैत्रिणीच्या आईनं तिच्यासाठी गोधडी शिवली होती. जुन्या साड्यांची, सगळी हातानं. मैत्रिणीनं फोनवर फार अवघडत विचारलं होतं. मी म्हटलं, "अगं, गोधडीला अर्धी बॅग जाते. आणि एकाला हो म्हटलं की दहा जणांना म्हणावं लागतं." ती म्हणाली, "बरोबर आहे गं तुझं." एवढंच. आमच्या बॅगेत जागा होती. येताना मी स्वतःसाठी चार बेडशीट आणल्या होत्या.

आता तिच्याकडे शब्द कोणत्या तोंडानं टाकायचा? तुझ्या आईची गोधडी आणली नाही, पण माझ्या हॉटेलातल्या मोलकरणीचं पाकीट ने? मला तिचं उत्तर माहीत होतं. ती हो म्हणाली असती. नुसतं हो नाही, आनंदानं हो म्हणाली असती, आणि गोधडीचं नावही काढलं नसतं. तेच मला सोसवत नव्हतं. तिनं चिडून नाही म्हणायची थोडी जरी शक्यता असती, तरी मी एका मिनिटात फोन केला असता.

मी फोन उचलायचे आणि ठेवायचे. एकदा ग्रोसरीत ती समोरच भेटली. पिशवी माझ्या पर्समध्ये होती. ती म्हणाली, "तिथलं काही सांग ना, काय न्यायचं, काय नाही." मी तिला सांगितलं की समुद्राकडची खोली माग, सकाळी लवकर उठून खुर्च्यांवर टॉवेल टाकून ठेव, आणि लोणचं ने. एवढं सगळं तोंडातून आलं. पर्सची चेन मी उघडलीसुद्धा, आणि आतून रुमाल काढून नाक पुसलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन. "मी सहज विचारतेय, तिथे कुणाला काही द्यायचंय का? आमच्या बॅगेत खूप जागा आहे." देवानं ताट वाढून समोर ठेवलं होतं. मी ओट्यापाशी उभी होते आणि पिशवी ओट्याच्या खणात, हात घातला तर लागेल इतकी जवळ. आणि मी काय म्हणाले? "छे गं! आपलं कोण आहे तिथे?"

ती म्हणाली, "बरं बाई," आणि फोन ठेवला. मी तशीच उभी राहिले. दहा मिनिटांत परत फोन करता आला असता. गाडी काढून जाता आलं असतं, ती तीन चौक सोडून राहायची. बाहेर पडताक्षणी गोठणारा पाऊस लागला होता, रस्ते काचेसारखे झाले होते, आणि मी त्या पावसाचे उपकार मानले. म्हटलं, आता अशात कोण बाहेर पडतं! पोस्टानं पाठवू. मग आठवलं की पत्ता नाही, आणि त्या बाईच्या छातीवरच्या बिल्ल्यावर होतं तेवढंच तिचं नाव मला ठाऊक आहे. आडनाव विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

शाळेतून येऊन बूट काढता काढता मुलीनं विचारलं, "डिड यू गिव्ह इट, मॉम?" मी म्हटलं, "हो, दिलं की." ती म्हणाली, "कार्ड पण?" चक्क मराठीत. मी म्हटलं, "कार्ड पण."

तो शनिवार आला. आपल्याला दुसरं काही सुचत नाही तेव्हा आपण फडताळं आवरतो, तशी मी त्या दिवशी सगळी फडताळं आवरली. त्यात तो खण सोडून बाकी सगळे खण आले. मनाची समजूत घालायला कारणं पुष्कळ होती. ती बाई शंभर जणांकडे मागत असेल. कुणीतरी दिल्या असतील. कदाचित तोवर दुकानात आल्या असतील. मी इतक्यांदा हे घोकलं की एप्रिल उजाडेपर्यंत ते मला जवळजवळ पटलं होतं.

पाडव्याचं पॉटलक, म्हणजे प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणायचं जेवण, त्या वर्षी आमच्याकडे होतं. गुढी आतमध्ये, खिडकीत; बाहेर अजून बर्फाची काळी ढेकळं होती. पुरुषमंडळी बेसमेंटमध्ये हॉकी बघत होती, पोरंही तिकडेच. आम्ही सात-आठ बायका स्वयंपाकघरात. मी पुऱ्या तळत होते. मैत्रीण उन्हात छान रापून आली होती, कानात ठसठशीत मोत्याच्या कुड्या. कुणीतरी विचारलं, "काय गं, कसं होतं क्यूबा?"

"झकास!" ती म्हणाली. "फक्त पहिल्याच दिवशी काय मज्जा झाली ऐका. आमची बस लॉबीशी थांबली, तर तिथे एक खोल्या आवरणारी बाई उभी. उतरणाऱ्या प्रत्येक इंडियन बाईला विचारतेय, ओटावा? ओटावा? आमच्याबरोबर ब्रॅम्पटनचं एक पंजाबी कुटुंब होतं, त्यांनाही विचारलं तिनं. मी म्हटलं, हो, ओटावा. तर तिनं मला मिठीच मारली! मी चाटच पडले. म्हटलं, काय पण स्वागत करतात!"

बायका हसल्या. मी झारा तेलात धरून उभी होते.

"मग ती हलेचना. हात पुढे करून उभी. मी टिप दिली, तर नको. बॅगेतून साबण काढून दिला, तर नको. माझ्या कानाकडे बोट दाखवते, मग हात पुढे करते. परत कान, परत हात. मग माझी ट्यूब पेटली. अगं, ती चक्क माझ्या कुड्या मागत होती!"

काय हसल्या सगळ्या! एक जण म्हणाली, "कमाल आहे बाई, पहिल्याच भेटीत?" मैत्रीण म्हणाली, "मला आधी हसू आलं, मग जरा भीती वाटली. खोलीत सगळं ठेवून आपण समुद्रावर जाणार, आणि हीच खोली आवरणार. मी डेस्कवर जाऊन सांगितलं, तक्रार नाही म्हणा, पण जरा बघा म्हटलं. तो मॅनेजर तिला असं काही बोलला, मलाच कसंसं झालं. दुसऱ्या दिवसापासून दुसरी बाई यायला लागली. ती काही परत दिसली नाही."

पुरी करपली. कुणीतरी म्हणालं, "अगं, लक्ष कुठाय?" मी ती काढून बाजूला टाकली. मी ओट्याला टेकले. अजूनही वेळ होता. एवढंच म्हणायचं होतं, की ती कुड्या मागत नव्हती, ती माझ्यासाठी थांबली होती. एक वाक्य. सात बायकांसमोर एक वाक्य. त्यानंतर गोधडी निघाली असती, संक्रांतीचं भाषण निघालं असतं, "आपलं कोण आहे तिथे" निघालं असतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "असतात बाई एकेक."

हे मी म्हणाले. दुसऱ्या कुणी नाही.

तेव्हा मला दिसलं, जिन्याच्या दाराशी माझी मुलगी उभी होती. हातात रिकामी प्लेट. पुऱ्या न्यायला आली होती. किती वेळ उभी होती, मला माहीत नाही. ती मैत्रिणीकडे बघत होती. मग अगदी सावकाश म्हणाली, "शी वॉज आस्किंग फॉर द बॅटरीज."

"कसल्या बॅटऱ्या गं, बाळा?" मैत्रिणीनं कौतुकानं विचारलं.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं असेल ते मला सांगता येणार नाही. मी मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत, काही खुणावलं नाही. मी फक्त तिच्याकडे बघत होते. पण नऊ वर्षांच्या पोरीला आईचा चेहरा वाचता येतो. तिला सगळं कळलं. कार्ड गेलं नाही, बॅटऱ्या गेल्या नाहीत, आई खोटं बोलली, आणि आता आई घाबरली आहे.

"नथिंग, आँटी," ती म्हणाली. "माझ्या टॉयच्या." आणि प्लेटमध्ये चार पुऱ्या घेऊन खाली गेली.

"किती गोड आहे गं तुझी लेक," मैत्रीण म्हणाली. मी श्रीखंडाचं भांडं काढायला फ्रिजकडे वळले. आणि मला हायसं वाटलं. आधी तेच वाटलं, ते मी लपवणार नाही. फ्रिजचं दार उघडं धरून मी सुटकेचा श्वास घेतला. लाज नंतर आली, श्रीखंड वाढून झाल्यावर.

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसातून त्या रिसॉर्टला फोन लावला. ज्या माणसानं उचलला त्याला मी बिल्ल्यावरचं नाव सांगितलं. त्यानं आडनाव विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, कोणत्या कामासाठी? तक्रार आहे का? मी घाईघाईनं म्हटलं, नाही, नाही, तक्रार नाही, ती फार चांगली होती. तो म्हणाला, या नावाच्या इथे तिघी आहेत, मॅडम, आणि एक होती ती आता नाही. मी थँक्यू म्हणून फोन ठेवला. ती पोरगी त्या लांबच्या शाळेत गेली का, तिला पुढे ऐकू आलं का, हे मला कधीच कळणार नाही.

मुलीशी मी बोलायला गेले होते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, ती गृहपाठ करत होती तेव्हा. मी म्हटलं, "राणी, ते काल..." तिनं मान वर न करता म्हटलं, "इट्स ओके, मॉम." मी तिथून परत फिरले. तिनं भांडण केलं असतं, दार आपटलं असतं, तर मी माफी मागितली असती. तिनं मला तेवढीही संधी दिली नाही, किंवा खरं म्हणजे मी ती घेतली नाही.

त्यानंतर तिनं मला कधी कुठल्याच कामाबद्दल "दिलंस का?" असं विचारलं नाही. शाळेचा फॉर्म असो, लायब्ररीचं पुस्तक असो, मैत्रिणीच्या वाढदिवसाचं कार्ड असो. पाचवीत गेल्यावर ती स्वतःच बसनं जाऊन पोस्टात पत्र टाकून यायची. आता ती मोठी झाली आहे, आणि मंडळातल्या बायका मला म्हणतात, "किती स्वावलंबी आहे गं तुझी मुलगी! कसं काय शिकवलंस?" मैत्रीणही म्हणते.

मी म्हणते, "लहानपणापासून सवय लावली."